‘घेऊन’नंतरची मोकळी जागा

१४ मार्च, शनिवार

खडाड्… ठक्.

दुपारी डोळा लागला होता, या आवाजाने जागा झालो. तसाच गच्चीवर गेलो. काही नाही. समोरच्या उंच रुळाखालून एक डबी लटकत गेली, तीही मुकाट्याने. तिला आवाजच नाही.

तो आवाज आजचा नव्हताच. वाळूच्या बकेटींचा होता. वर्धेच्या पात्रातली वाळू लोखंडी बकेटींत भरून तारेवरून कोळशाच्या खाणीकडे जायची, आतल्या पोकळ्या भरायला. ती तार आमच्या शाळेच्या कौलांवरून. खांबावरच्या चाकावर चढताना खडाड्, उतरताना ठक्. गुरुजी कविता म्हणत असले की बोट वर करून थांबायचे. बकेट गेली की बोट खाली, कविता पुढे.

डोंगरमाथी ढग उतरला घेऊन… (बकेट) …ओली झोळी.

रोज तिथेच. बकेटींची चाल आणि कवितेची चाल जुळून गेली होती. आम्हा पोरांना वाटायचं, कवितेतच तशी जागा आहे. चांद्याला स्पर्धेला नेलं तेव्हा आम्ही सगळेच्या सगळे ‘घेऊन’ म्हणून थांबलो, बोटं वर. तिथे ना तार ना बकेट. परीक्षक हसून हसून लाल. गुरुजीही हसले बिचारे.

अजून तसंच म्हणतो. मध्यंतरी फोनवर इराला म्हणून दाखवली. (चि. अविनाशची मुलगी, पुण्याला.) मी थांबलो तर म्हणते, ‘‘आजोबा, तुमचं नेट अडकलं.’’

पहिलं कडवं पाठ आहे. दुसरं गेलं. कुठे गेलं, कधी गेलं…

१९ मार्च, पाडवा

एकट्याने गुढी उभारली. काठी जड वाटली. शेजारची लता साखरेची माळ घेऊन आली. अंगणवाडीत मदतनीस आहे. माहेर धानोऱ्याचं, गडचिरोलीकडचं, त्यामुळे बोलणं मोकळं, जंगलातल्यासारखं.

‘‘काकाजी, डबीत बसले का नाई अजून? चाचणी हाय तवर फुकट हाय ना जी. मंग तिकीट लागन.’’

म्हटलं, कुठे जायचं मला?

‘‘जाचं कुठी नाई. एसीत बसाचं, तिकडून इकडं याचं. माया नवरा रोज जाते. थंडं रायते म्हणे.’’

डबी म्हणजे ते नवीन वाहन. स्टेशनापासून नाक्यापर्यंत उंच खांब, खांबांवर रूळ, रुळांवर छपरासारख्या सौर पाट्या. खाली चारजणांच्या काचेच्या खोल्या लटकत जातात. चालवणारा कोणी नाही. आमच्या गल्लीत वळण आहे आणि गल्ली अरुंद. त्यामुळे डबी माझ्या गच्चीच्या कठड्याजवळून जाते. हात लांब केला तर पोचणार नाही, पण पोचेलसं वाटतं.

माणसं मोबाइलमध्ये बघत जातात. मी खुर्चीवर. ती असती तर म्हणाली असती, लोकांच्या तोंडाकडे काय पाहत बसता. (अविनाशची आई जाऊन दोन पावसाळे झाले.)

पुरणपोळी लताकडची. अर्धी ठेवली.

२७ मार्च

ऊन चढलं. गंमत अशी की उन्हावर चालणारी गाडी भर उन्हात थांबू लागली आहे. कारण कोळशाची धूळ. आपल्याकडे कठड्यावर बोट फिरवलं की बोट काळं, तर पाट्यांचं काय होणार? दुपारी जोर कमी पडतो आणि डबी नेमकी वळणावर अडकते, माझ्यासमोर. वीज गेली की वरची झडप आपोआप उघडते, आतलं बोलणं ऐकू येतं.

आज दोन मुलं, एक मुलगी. कॉलेजची. मी खुणेने विचारलं, पाणी हवं का? मुलगी झडपेतून ओरडली, ‘‘काका, तुमी पाइपानं सोडान का?’’ तिघं खदाखदा हसली. मीही हसलो. मग डबी सरकली.

संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं. गुडघा तसाच.

२ एप्रिल, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो. उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी डबी अडकली. आत एकटी म्हातारी बाई. माझ्याच वयाची. हिरवं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी, डोळे गच्च मिटलेले. भ्याली असावी. ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेते आहे. झडप उघडली तेव्हा ऐकू आलं.

‘‘डोंगरमाथी ढग उतरला घेऊन…’’

आणि थांबली. बोट वर.

मी खुर्चीतून उठलो. रस्त्यावर कुत्रं भुंकत होतं तेही… मी न ठरवता मोठ्याने म्हणालो, ‘‘ओली झोळी!’’

तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. घाबरली नाही, हसलीही नाही. पाहतच राहिली. पहिलं कडवं आम्ही दोघांनी मिळून म्हटलं, ती काचेच्या आत, मी गच्चीवर. मग तिने पुढचं सुरू केलं. दुसरं कडवं! ‘‘झाडाखाली…’’ एवढं ऐकलं. आतून ‘‘प्रवाशांनी बसून घ्यावे’’ असा त्या यंत्रातल्या बाईचा आवाज, आणि डबी निघाली. मी कठड्याकडेने शेवटपर्यंत गेलो, थांबा थांबा म्हणत. काचेला हात लावून ती मागे पाहत होती.

नाव विचारायचं राहिलं. कुठली, कोणाची, काहीच नाही. आधी ‘ओली झोळी’ का म्हणालो? आधी नाव विचारायचं ना.

३ एप्रिल

झाडाखाली. झाडाखाली काय? दिवसभर ओढून पाहिलं. एक शब्द हातात, पुढचा दोरा तुटलेला.

दुसऱ्या शाळेतलं कोणी ‘घेऊन’वर थांबणार नाही. ती आमच्याच शाळेची, खाणीच्या शाळेची. मुलींचा बाक खिडकीकडे होता. वेण्या आठवतात, चेहरे नाहीत.

शाळा होती तिथे आता खड्डा आहे. खाण वाढत गेली तसं गाव उठलं, शाळाही. माझ्या बाकावरचा शंकर राजुऱ्याला असायचा, तो करोनात गेला. मला वाटत होतं, असं म्हणणारा मी शेवटचा. मी गेलो की ती जागाही गेली, मग जगात सगळे ‘घेऊन ओली झोळी’ सरळ म्हणतील.

पण नाही. बल्लारपुरातच कुठेतरी…

दिवसभर गच्चीवर. तोंड भाजलं.

७ एप्रिल

ती आली नाही. किंवा आली असेल आणि डबी थांबली नसेल. काच उन्हात चमकते, न थांबता गेली तर आतलं दिसत नाही.

स्टेशनावर गेलो. डबीच्या जिन्याच्या पायऱ्या बऱ्याच आहेत, सरकता जिना बंद. वर टेबलाशी एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र.

‘‘गेल्या गुरुवारी दुपारी एक आजीबाई बसल्या होत्या. हिरवं लुगडं.’’

‘‘काकाजी, आजीबाई रोज बसतात. आजकाल लुगडेवाल्याच जास्त हायेत. घरी कूलर नाई, इथी एसी.’’

‘‘नाव लिहून घेता का?’’

‘‘चाचणीत कोनाचं नाव नाई घेत. तुमचं काय सामान राह्यलं का डबीत?’’

म्हटलं, हो. कविता राहिली.

तिने मान वर करून पाहिलं, मग शेजारच्या मुलाला म्हणाली, ‘‘यायले पानी दे रे जरा.’’ ऊन लागलं असं वाटलं असेल तिला. पाणी प्यायलो. थंड होतं.

११ एप्रिल, शनिवार

आज मीच बसलो. लताचा नवरा म्हणाला, मी चढवून देतो, आणि खरंच दंडाला धरून चढवलं. नाक्यापर्यंत जाऊन परत. आत एकटाच.

खरं सांगायचं तर छान आहे. मिलचं धुराडं, रेल्वेचे सात-आठ रूळ, पलीकडे कोळशाचे काळे डोंगर, आणि वर्धेची वाळू. केवढी वाळू! आता कोणी तारेवरून नेत नाही. त्या बकेटींत बसून जायची फार इच्छा होती लहानपणी. आज बसलो म्हणायचं.

मग आमची गल्ली. माझी गच्ची वरून कधी पाहिली नव्हती. एक खुर्ची. दोरीवर एकच सदरा. पाण्याच्या टाकीवर वीट. कोणी राहतं की नाही कळू नये अशी. मनात आलं, तिने, त्या बाईने, त्या दिवशी हेच पाहिलं. एक खुर्ची आणि एक सदरा.

आणि आणखी एक दिसलं. जिन्याच्या खोलीची भिंत. रुळांकडे तोंड केलेली, कोरी, मोठी. मोबाइलमधून मान वर काढली तर पहिली तीच दिसते.

१३ एप्रिल

अविनाशचा फोन. विचारलं, काय करता दिवसभर? म्हटलं, गच्चीवर बसतो. म्हणाला, ‘‘बाबा, एवढ्या उन्हात? हवं तर मी तिकीट काढतो, या इकडे.’’ दरवेळी तिकीट काढतो म्हणतो. काढत नाही असं नाही, मीच नको म्हणतो. इथून गेलो आणि ती परत आली तर?

आजपासून पाट्या धुणाऱ्या बायका आल्या. सकाळी, ऊन व्हायच्या आत. कमरेला पट्टे, हातात लांब दांड्याचे ब्रश, डोक्याला ओढण्या घट्ट बांधलेल्या. रुळांवरून चालत जातात आणि धूळ धुतात. काळं पाणी गल्लीत ठिबकतं. दुपारी एकही डबी थांबली नाही. सुळकन् सुळकन्.

लोकांची सोय झाली.

मी मात्र दुपारी गोधडी झटकली, कठड्यावरून, पाट्यांकडे तोंड करून. वारा तिकडचाच होता. लता खालून, ‘‘काकाजी, गोधडी कालच धुतली ना जी तुमी?’’

१४ एप्रिल

गोधडी झटकणं बंद. शोभत नाही. आणि तेवढ्याने काही अडतही नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

भिंत लिहिली.

लता आधी ऐकेना. ‘‘पडान तं मले अविनाशभाऊ बोलन.’’ शेवटी तिनेच शिडी धरली आणि तिच्या अंगणवाडीतला निळा रंग दिला. उरलेला होता म्हणाली. मी अक्षरं काढली. हात थरथरतो, पण मोठ्या अक्षरात थरथर दिसत नाही.

डोंगरमाथी ढग उतरला घेऊन

बस, एवढंच. पुढे भिंत कोरी, हातभर.

‘‘अर्धीच?’’ लता म्हणाली. ‘‘काय घेऊन?’’

तिला सांगितलं: ज्याला माहीत आहे त्याला कळेल की इथे थांबायचं असतं. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ते नाही.

‘‘मंग मायासाठी नाई म्हना.’’ फुरंगटली. तिला कविता म्हणून दाखवली तेव्हा कुठे हसली. ‘‘तुमच्या थांबण्यात मायी भाजी जळली असती,’’ म्हणे.

आज ढेमशाची भाजी तिच्याकडून. जळलेली नव्हती.

२० एप्रिल

लोक पाहतात! मान वर काढतात. बोट दाखवतात. फोटो घेतात. एका डबीतल्या चौघांचीही तोंडं माझ्याकडे होती. इतकी माणसं माझ्याकडे बघताहेत असं कधी झालं नव्हतं.

खाली एकजण विचारायला आला, ‘‘काका, कोणत्या कंपनीची जाहिरात आहे? पुढचं कधी लावणार?’’ एकाला वाटलं पाण्याच्या बाटलीची. पानठेल्यावर म्हणतात बुढा फिरला. हे लतानेच सांगितलं, आणि सांगताना आधीच माझी बाजू घेऊन भांडून आली होती.

हिरवं लुगडं दिसलं दोनदा. दोन्ही वेळा दुसऱ्याच बाया.

तिने पाहिलं तर ती उतरेल का? उतरून येणार कशी? जिना, गल्ली, दार. दारावर काहीच लिहिलेलं नाही. खाली उतरून दारावरही एक बाण काढला. मग पुसला. उगीच काहीतरी.

२४ एप्रिल, शुक्रवार

कंपनीचा माणूस आला. तरुण, बूट, घामाघूम. मी पन्हं दिलं. दोन पेले प्याला आणि मग मुद्द्यावर आला.

‘‘आजोबा, भिंत वाचायला सगळे एका बाजूला सरकतात. डबी कलते. कलली की यंत्र आपोआप वेग कमी करतं. मागच्या सगळ्या डब्या खोळंबतात.’’

मला हसू आलं. धुळीने जे थांबलं ते धुतल्यावर सुरू झालं, आता कवितेने थांबतंय!

तो हसला नाही. चांगल्या घरचा वाटला. म्हणाला, मार्गाकडे तोंड करून काही लिहायचं नाही असा नियम आहे, सोमवारपर्यंत पुसा, नाहीतर आमच्याकडून कोणी येऊन पुसून जाईल. मी विचारलं, सोमवारनंतर एक आठवडा? मला एका बाईंना… पुढे काय सांगणार! ‘‘नातेवाईक आहेत का?’’ म्हणाला.

नाही. वर्गातल्या. नक्की वर्गातल्या का तेही नाही. एखादी इयत्ता पुढे-मागे असतील.

‘‘नाव?’’

माहीत नाही.

तो उठला. दारात वळून म्हणाला, ‘‘पन्हं छान होतं.’’

२५ एप्रिल

सकाळपासून गच्चीवर. लताने छत्री आणून बांधली खुर्चीला.

दुसरं कडवं आठवत नाही. स्वतः जुळवून पाहिलं: झाडाखाली गुरं बैसली… छे. झाडाखाली वाट संपली… हे माझं आहे, कवितेतलं नाही. गुरुजींनी कान धरला असता.

२६ एप्रिल, रविवार

आज डब्या भरभरून. ती नाही. किंवा होती आणि उजव्या बाजूला बसली होती. चारजणांत दोन बाजू असतात, हे आज लक्षात आलं.

अविनाशचा फोन. भिंतीचा फोटो त्याच्या ऑफिसात कोणीतरी दाखवला. ‘‘बाबा, ते तुम्ही लिहिलंय?’’ आवाजात काळजी. मी म्हटलं, हो. मग म्हणाला, ‘‘पुसून टाका. लोक काय काय लिहितात त्या फोटोखाली.’’ विचारलं, काय लिहितात? सांगितलं नाही.

उद्या सोमवार. मी पुसणार नाही. पुसायचं असेल तर त्यांनी पुसावं. एवढं तरी.

२७ एप्रिल, सोमवार

दार वाजलं तेव्हा वाटलं, कंपनीचा तो बूटवाला. धुतलेला सदरा घालून गेलो. भांडायचं झालं तरी नीट दिसावं.

दारात बाई. तिशी-पस्तिशीची, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, पापण्यांवर काळी धूळ. पाट्या धुणाऱ्यांतली. एका हातात चुन्याचा डबा, दुसऱ्यात ब्रश.

‘‘भित पुसाले पाठवलं जी सायबानं.’’

म्हटलं, जा वर. जिना तिकडे.

वर गेली. मी खाली उभा. ब्रशाचा आवाज येईना. गुडघ्यावर हात ठेवून चढलो. बाई भिंतीसमोर उभी होती, चुन्याच्या डब्याचं झाकणही काढलं नव्हतं. मला पाहून म्हणाली,

‘‘बाबाजी, रागावू नोका. आमी सकाळी वरून जातो ना, तं रोज वाचतो. मले थोडं वाचता येते, बाकीच्यायले मीच वाचून दाखवली. ढग काय घेऊन आला, याच्यावरून लय भांडण हाय आमच्यात. सुमन म्हणते पानी. कमलाबाई म्हणते निरोप आणला असन. मी म्हणतो काईच नाई आणलं, रिकामाच आला बापा, तवा तं पुढं लिवलं नाई.’’

आणि खळखळून हसली. मग एकदम अवघडली.

‘‘तेवढं सांगा. मंग पुसतो. न पुसता गेली तं साहेब उद्या दुसरीले पाठवन, आणि मले कामावरून काढन.’’

मी म्हटलं, आधी चहा. नको नको म्हणत जिना उतरली आणि पायरीवर बसली, डबा शेजारी. डबा अजून बंद.

चहा ठेवला आहे. उकळी यायची आहे. सांगितलं तर ती वर जाईल आणि पुसेल. नाही सांगितलं तर तिच्या पोटावर पाय. तिला पहिलं कडवं सगळं म्हणून दाखवता येईल, सावकाश. ‘घेऊन’वर थांबायचं कसं तेही. थांबण्याला वेळ लागतो. दुपारच्या डब्या अजून जायच्या आहेत.

बाहेरून विचारते आहे, ‘‘बाबाजी, साखर कमी टाकजा. आणि सांगता ना?’’